चित्रपत्रिका तयार आहे, पण रुग्णाला ती 'वाचता' येईल का?

रात्रपाळी

घरी जाताना रुग्णाच्या हातात द्यायच्या तीन पत्रिका करायच्या आहेत: स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यायचा दम्याचा पंप, इन्सुलिन पेन आणि लहान मुलांचं पातळ अँटिबायोटिक. प्रत्येकी एक ए-फोर पान, एकाच बाजूला छापलेलं. वाचणाऱ्यांत अडखळत वाचणारे पुष्कळ, अजिबात वाचता न येणारेही आहेत. मूळ पान रंगीत छापलं तरी पुढे त्याच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सच फिरणार, हे गृहीत धरा.

पंपाच्या पानाचा कच्चा खर्डा असा आहे: बारा चौकोन, प्रत्येकात नेटवरून घेतलेलं एक चिन्ह, खाली एक ओळ.

फोटो बरे की रेखाचित्रं? एका पानावर किती पायऱ्या असाव्यात? सकाळ-दुपार-रात्र कशी दाखवायची? 'हे करू नका' म्हणायला लाल फुली चालेल का? आणि छापण्याआधी हे रुग्णाला कळतंय की नाही ते तपासायची काही ठरलेली रीत आहे का? "सोपं ठेवा, आकर्षक ठेवा" हे सगळीकडे वाचून झालंय. त्यापुढचं सांगा.

रेघोटी

रेखाचित्रं. फोटोत अंगठी, शर्टाची नक्षी, मागचा पडदा सगळं येतं आणि नजर तिकडेच जाते. वर झेरॉक्स काढली की बोटं आणि पंप मिळून एक काळा गोळा उरतो. फोटो ठेवायचा तो जिथे खरं रूपच ओळखायचं असतं तिथे: जखम चिघळल्याची खूण, अंगावरचं पुरळ. त्यातही पुरळाचा फोटो गोऱ्या कातडीवरचा असेल तर सावळ्या माणसाला स्वतःच्या अंगावर 'लाली' शोधून सापडायची नाही, तिथे ती जांभळट किंवा नुसतीच गडद दिसते.

तुमच्या खर्ड्यातली मोठी अडचण ती नेटवरची चिन्हं. बारा चिन्हं बारा हातांची असतात. एकात माणूस काडीसारखा, एकात नुसती फुप्फुसं, एकात सुटे ओठ. ज्याला चित्रं वाचायचा सराव नाही त्याला प्रत्येक चौकोनात वेगळा माणूस दिसतो, आणि सुटा हात म्हणजे तुटलेला हात वाटतो. एकच माणूस, तेच कपडे, एकाच बाजूने, पहिल्यापासून शेवटपर्यंत काढा. चेहरा आणि खांदे तरी यायला हवेत. बारकावा दाखवायचा असेल तर शेजारी मोठा केलेला गोल काढा आणि तो मूळ जागेला रेषेने जोडा. जोड नसेल तर तो गोल म्हणजे आणखी एखादी वस्तू समजली जाते.

पायऱ्या बाराच्या आठ होतात:
१. टोपण काढून पंपाच्या तोंडात कचरा नाही ना ते बघा
२. पंप हलवा
३. स्पेसरला बसवा
४. फुंकर घालून छाती रिकामी करा
५. स्पेसरचं तोंड दातांमध्ये, ओठ घट्ट
६. एकदा दाबा आणि सावकाश, खोल श्वास घ्या
७. श्वास धरून दहापर्यंत मोजा (जमेल तितकं)
८. चूळ भरून थुंका (पंपात स्टेरॉइड असेल तर)

सहाव्यात दोन कामं एकत्र आहेत, ती मुद्दाम. 'एका चौकोनात एकच कृती' हा नियम इतरत्र पाळा, पण इथे दाबणं आणि श्वास घेणं दोन चौकोनांत गेलं की माणूस दाबतो, हात खाली घेतो, पुढचं चित्र बघतो आणि मग श्वास घेतो. तोवर औषध स्पेसरच्या भिंतीला बसलेलं असतं.

सातव्यात घड्याळ काढू नका. दोन उघडे पंजे काढा, दहा बोटं.

बाण हा या पानाचा सगळ्यात धोक्याचा भाग. तोंडाकडे जाणारा बाण म्हणजे 'पंप तोंडाजवळ न्या' की 'श्वास आत घ्या'? दोन्ही अर्थ सारखेच बरोबर वाटतात. म्हणून हाताच्या हालचालीला भरीव काळा बाण, श्वासाला तीन तुटक लाटांचा बाण, आणि ही वाटणी पानभर मोडायची नाही. श्वासाच्या चित्रात छातीही बदला: बाहेर सोडताना खांदे पडलेले, आत घेताना छाती वर. बाण चुकला तरी छाती सांगते.

'दोन फवारे' लिहिलं की लोक दोन्ही एकदम स्पेसरमध्ये मारतात. तसं केलं तर थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटून आत कमी जातं. सातव्या चौकोनातून दुसऱ्याकडे परत जाणारा मोठा वळसा काढा आणि त्यावर लिहा: 'अर्धा ते एक मिनिट थांबून पुन्हा'.

एक सांगून ठेवते: कोरड्या पावडरीच्या इन्हेलरसाठी हेच पान देऊ नका. तिथे श्वास जोरात आणि झटक्यात ओढायचा असतो, आणि मात्रा भरल्यावर ते हलवायचं नसतं. दोन्ही पानं दिसायला सारखी झाली तर सवयीने उलट घेतलं जातं. माणूस वेगळा काढा, चौकटीचा आकारही वेगळा ठेवा.

मात्राबिंदू

पातळ औषधाबद्दल.

चमचा काढूच नका. घरातले चमचे एका मापाचे नसतात, आणि चित्रात चमचा दिसला की घरातलाच उचलला जातो. तोंडाने द्यायची सिरिंज काढा, आणि ती खऱ्या आकाराची. मात्रा एका खेपेत मावेल अशी सिरिंज निवडा. ४ मिलीसाठी ५ मिलीची. अडीचची दिली तर दोनदा भरावी लागते आणि कितव्यांदा भरतोय ते विसरतं.

भरलेला भाग पूर्ण काळा करा. करडा झेरॉक्समध्ये उडतो. दट्ट्याच्या रबराला दोन कडा असतात. माप वाचायचं ते टोकाकडच्या, म्हणजे औषधाला टेकलेल्या कडेवर. मागच्या कडेवर वाचलं तर रबराच्या जाडीएवढं औषध कमी जातं. त्या कडेपासून एक आडवी रेष बाहेर काढून तिथे 'इथपर्यंत' असं लिहा.

पावडरची बाटली असेल तर एक चित्र पाण्याचं: आधी बाटली उलटी करून, ठोकून पावडर मोकळी करा, मग खुणेच्या थोडं खाली पाणी, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत पाणी. फेसाची पातळी बघून पाणी थांबवलं तर पाणी कमी पडतं आणि औषध दाट होतं. पुढे प्रत्येक मात्रा वाढीव जाते. शक्यतो पाणी औषधाच्या दुकानातच घालून द्यावं आणि ती पायरी पानावरून काढून टाकावी.

मुलाचं चित्र बसलेलं किंवा मान उचलून धरलेलं, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला. घशाकडे रोखलेली सिरिंज काढली की ठसका लागणार. सिरिंजच्या टोकाला बारकी टोपी असते, तीही चित्रात काढून बाजूला ठेवलेली दाखवा. ती गिळली किंवा घशात अडकली जाऊ शकते.

आता आकडे. सिरिंजवर आणि पेनवर इंग्रजी आकडे असतात. पानावर देवनागरी छापलेत तर लोक दोन्ही जुळवायला जातात आणि देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. इन्सुलिनचे १० युनिट नव्वद वाचले जाऊ शकतात. म्हणून मात्रेचा आकडा उपकरणावर ज्या लिपीत आहे त्याच लिपीत, शेजारी अक्षरी 'दहा'. 'युनिट' पूर्ण लिहा. इंग्रजीत नुसता यू लिहिला की तो शून्यासारखा दिसून दहाचे शंभर होतात. अर्धा मिली असेल तर दशांशबिंदूच्या आधी शून्य हवंच, आणि पाच मिलीला बिंदूपुढे शून्य लावायचं नाही. बिंदू झेरॉक्समध्ये पुसला की पन्नास.

वेळेबद्दल: उगवता सूर्य आणि मावळता सूर्य एकच दिसतात, क्षितिजावर अर्धा गोल. नुसत्या सूर्यावर विसंबू नका. चार खाने करा आणि प्रत्येकाला रोजचं एक काम जोडा: उठणं, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, झोपणं. झोपण्यासाठी नुसती खाट काढली तर 'आराम करा' असा अर्थ लागतो. चंद्र आणि खाट एकत्र हवेत. जेवणाआधी-नंतरसाठी भरलेलं ताट आणि रिकामं ताट ही जोडी फसते, रिकामं ताट म्हणजे 'उपाशीपोटी' असंही वाचता येतं. तीन छोटी चित्रं ओळीत: जेवणारा माणूस, बाण, सिरिंज. आणि हो, चित्रमालिका मजकुराच्याच दिशेने वाचली जाते. पत्रिका उर्दूत करायची झाली तर नुसता मजकूर बदलून भागत नाही, चौकोनही उजवीकडून डावीकडे लावावे लागतात.

चलच्चित्र

एवढा खटाटोप कशाला? दोन मिनिटांचा व्हिडिओ करा, पानावर क्यूआर छापा. हालचाल हालचालीतच कळते.

तिसरा_खर्डा

@चलच्चित्र, हालचालीबद्दल सहमत. दाबणं आणि श्वास घेणं यांची जुळणी व्हिडिओत जशी दिसते तशी कागदावर दिसत नाही. पण रात्री धाप लागल्यावर कोणी क्यूआर स्कॅन करत नाही. व्हिडिओ शिकायला, कागद आठवायला. आणि व्हिडिओत कागदावरचाच माणूस, तेच आठ टप्पे, प्रत्येक टप्प्यानंतर दोन सेकंद चित्र स्थिर. निवेदन चालू असताना पडद्यावर वेगळी वाक्यं टाकू नका, डोळे वाचत बसतात आणि हात काय करतोय ते सुटतं. ऐकू न येणाऱ्यांसाठी उपशीर्षकं द्या, पण चालू-बंद करता येतील अशी.

पेनचं पान कोणी घेतलं नाही म्हणून मी घेतो. इथे एकच चित्र सगळ्यात मोठं हवं: सुईच्या दोन टोप्या. बाहेरची मोठी काढली की आतली छोटी नळी राहते. ती न काढता टोचलं तर बटण दाबलं जातं, मात्रा शून्यावर येते, सगळं बरोबर झाल्यासारखं वाटतं आणि इन्सुलिन अंगात जातच नाही. म्हणून सलग तीन चौकोन: मोठी टोपी काढून बाजूला ठेवली (सुई काढताना पुन्हा लागते), छोटी काढून टाकली, उघडी सुई. उघडी सुई बारीक रेघेने काढतात आणि ती झेरॉक्समध्ये जाते. जाड काढा, प्रमाण बिघडलं तरी चालेल.

त्यानंतर २ युनिटची चाचणी: सुई वर, बटण दाबलं, टोकावर थेंब. थेंब मोठ्या गोलात. दिसला नाही तर पुन्हा, हे वळशाच्या बाणाने. मग मात्रा लावणं, सरळ टोचणं, बटण पूर्ण दाबून धरून दहापर्यंत मोजणं (इथेही तेच दहा बोटांचे पंजे), मग सुई बाहेर. लवकर बाहेर काढली तर कातडीवर थेंब उरतो, म्हणजे तेवढी मात्रा गेली नाही. इन्सुलिन दुधी रंगाचं असेल तर आधी तळहातात दहा वेळा घोळवणं आणि दहा वेळा खाली-वर करणं. पारदर्शक असेल तर ही पायरी नाही. दोन प्रकारांची दोन पानं करा, 'लागू असल्यास' लिहू नका.

आता तपासणी. ठरलेली रीत आहे. धोक्याच्या चिन्हांसाठी अमेरिकेचं आन्सी झेड ५३५.३ हे मानक ८५ टक्के लोकांना बरोबर अर्थ लागावा आणि धोकादायक उलट अर्थ ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं सांगतं. आयएसओची जुनी कसोटी ६७ टक्क्यांची. पण दहा माणसांवर टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. मी असं सुचवेन:

पहिल्या फेरीत मजकूर झाकून फक्त चित्रं दाखवा. प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न: "हा माणूस काय करतोय?" 'कळलं का?' विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. उत्तर जसंच्या तसं लिहा आणि तीन ढीग करा: कळलं, कळलं नाही, उलटं कळलं. 'कळलं नाही' असा माणूस विचारायला येतो. 'उलटं कळलं' असा माणूस घरी जातो. तिसऱ्या ढिगात एक जरी पडला तर चित्र पुन्हा काढा.

दुसऱ्या फेरीत नवी माणसं, मजकुरासह पान, आणि हातात औषध नसलेला सरावाचा पंप. "या कागदाप्रमाणे करून दाखवा," म्हणून गप्प बसा. कुठे बोट थांबतं, कुठे नजर मागे जाते, ते टिपा. दहा-दहा माणसांच्या दोन-तीन फेऱ्या एका मोठ्या चाचणीपेक्षा उपयोगी, कारण मध्ये दुरुस्ती करता येते. तपासायला कर्मचारी किंवा जुने रुग्ण घेऊ नका, त्यांना आधीच येतं.

कागदाचं परीक्षण टेबलावर बसून करायचं असेल तर पेमॅट ही तपासयादी आहे, छापील साहित्यासाठी २४ मुद्दे: १७ समजण्याबद्दल, ७ कृती करता येण्याबद्दल. ती आधी वापरा, पण माणसांच्या बदल्यात नाही.

आणि पत्रिका नुसती हातात ठेवू नका. १९९८ मधल्या पीटर हाउट्स यांच्या छोट्या प्रयोगात तोंडी सूचनांपैकी चित्रांसह ८५ टक्के आठवल्या, चित्रांविना १४ टक्के. हा आकडा सगळे उचलतात, पण त्यात चित्रं सूचना सांगतानाच दाखवली होती हे गाळतात. चित्रावर बोट ठेवून सांगणं हाच त्या उपायाचा अर्धा भाग आहे.

रात्रपाळी

इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार. फुलीचं राहिलं. आणि खालच्या ओळी आता अशा केल्यात, बघाल का: "पंप हलवावा. श्वास पूर्णपणे सोडावा. मुखाग्र ओठांमध्ये धारण करावे. फवारा सोडून श्वास ओढावा. श्वास रोखून सोडावा."

आणखी एक: पेनच्या पानाच्या तळाशी 'साखर आटोक्यात ठेवली तर धोका निम्मा' असं वरिष्ठांना हवंय. ते कसं काढावं?

रेघोटी

फुली: चित्रावर मधोमध मारू नका, जे टाळायचंय तेच झाकलं जातं. आणि लाल अधिक-चिन्ह बघायची सवय असलेल्यांना ती औषधाचीच खूण वाटू शकते. कोपऱ्यातून कोपऱ्यात एकच जाड तिरपी रेघ, वस्तूच्या मागून, आणि शेजारी तेवढ्याच आकारात बरोबर कृती. खरं तर पहिला प्रश्न हा विचारा की ते 'नको' चित्र हवंच का? घाईत बघणारा रेघ विसरतो आणि कृती लक्षात ठेवतो. चुकीची कृती तीच काढा जी लोक खरोखर करतात. पंपाच्या पानावर ती एकच: दोन फवारे एकदम.

जोडाक्षर

मजकुराकडे येतो. 'सोडा' हे क्रियापद या पानावरून हद्दपार करा. श्वास सोडा म्हणजे बाहेर टाका, फवारा सोडा म्हणजे मारा, आणि औषध सोडा म्हणजे बंदच करा. पाच वाक्यांत तीनदा आलंय, दोन अर्थांनी. 'ओढा'चंही तसंच, पातळ औषधाच्या पानावर दट्ट्या ओढायचा आहे. 'मुखाग्र' आणि 'धारण' कोणी बोलत नाही. असं करा: 'पंप हलवा. फुंकर घाला. ओठ घट्ट मिटा. एकदा दाबा, सावकाश श्वास घ्या. दहापर्यंत थांबा.' विध्यर्थी 'वे'कार सूचनाफलकावर ठीक, हातातल्या कागदावर 'करा'.

अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, वयस्कांसाठी १६. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे तेवढ्याच पॉइंटात मूळ अक्षर रोमनपेक्षा बारीक दिसतं. ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. फार ठळक फाँटमध्ये झेरॉक्स झाल्यावर 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला फरक भरून जातो. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर पेस्ट केल्यावर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी उडी मारते. पीडीएफ झाल्यावर प्रत्येक ओळ पुन्हा वाचा, पडद्यावर नव्हे, कागदावर. झेरॉक्सची झेरॉक्स काढा, आणि तिचीही एक. तिसऱ्या प्रतीत जे दिसतं तेच तुमचं पान.

तिसरा_खर्डा

'धोका निम्मा' नको. शंभरात ४ चे २ झाले तरी निम्मा आणि ४० चे २० झाले तरी निम्मा, वाचणाऱ्याला काय कळणार? काढायचंच तर दहा बाय दहा, शंभर माणसं, दोन चौकटी शेजारी-शेजारी, दोन्हींत शंभरच. बाधित माणसं काळी, खालून सलग भरलेली. विखुरली तर मोजता येत नाहीत. वाढ दाखवायला माणूस मोठा करू नका, संख्या वाढवा. हे १९२० च्या दशकात व्हिएन्नात ओटो नॉयराट यांच्या चित्रसांख्यिकीनेच घालून दिलंय: दुप्पट उंचीचा माणूस डोळ्याला चौपट दिसतो. पण आकडा कोणत्या त्रासाचा आणि किती वर्षांतला, हे वरिष्ठांकडून आधी घ्या. ते मिळालं नाही तर चौकट काढू नका. आणि मिळालं तरी ती पेनच्या पानावर नको. ते पान कसं टोचायचं याचं आहे, का टोचायचं याचं नाही.

मात्राबिंदू

एक राहिलंच. सिरिंज खऱ्या आकाराची काढलीत तर प्रिंटरचं 'पानात बसवा' बंद करून शंभर टक्क्यांवर छापा, नाहीतर ती काही टक्क्यांनी आकसते. पानाच्या कोपऱ्यात ५ सेंमीची बारीक रेघ ठेवा आणि शेजारी 'ही ५ सेंमी'. गठ्ठा छापून आला की वरच्या प्रतीवर पट्टी लावून बघायची. त्याच कोपऱ्यात आवृत्तीची तारीख, म्हणजे कंपनीने पेन बदललं की जुन्या प्रती ओळखून काढता येतील.